दुसऱ्याचं दुःख कळतं, पण भिडत नाही: नार्सिसिस्ट, सायकोपॅथ आणि माणुसकी याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नार्सिसिस्ट आणि सायकोपॅथ हे शब्द आता इतके सर्रास वापरले जातात की ब्रेकअप झाला की एक्स नार्सिसिस्ट ठरतो आणि बातमीतला कुठलाही खुनी सायकोपॅथ. हे प्रश्न विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात, काहींना नुसतं कुतूहल असतं आणि काहीजण अशा माणसासोबत एका घरात राहताहेत किंवा राहून कसेबसे बाहेर पडलेत. उत्तरं लिहिताना मी या दुसऱ्या प्रकारच्या लोकांना डोळ्यासमोर ठेवलंय.

एम्पथी म्हणजे नक्की काय?

या एका नावाखाली निदान दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक म्हणजे समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखता येणं, तो घाबरलाय, तिला लाज वाटतेय, हा हसतोय पण आतून पार खचलाय, हे कळणं. हे डोक्याचं काम. दुसरी म्हणजे ते कळल्यावर आपल्याही काळजात कालवाकालव होणं.

२००४ साली लंडनमध्ये टानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडप्यांवर एक प्रयोग केला होता. बाई स्कॅनरमध्ये, तिचा जोडीदार शेजारी बसलेला, आणि कधी तिच्या हाताला छोटा शॉक तर कधी त्याच्या. त्याला शॉक बसतोय हे तिला फक्त समोरच्या खुणेवरून कळायचं, तरीसुद्धा स्वतःला दुखताना मेंदूचे जे भाग जागे होतात त्यातले काही भाग तेव्हाही जागे झाले. सगळे नाही, कुठे आणि किती दुखतंय हे नोंदवणारे भाग शांतच होते, पण दुखण्याचा जो मानसिक त्रास असतो तो तिच्यात उतरला होता. ज्याचं जळतं त्याला कळतं असं आपण म्हणतो आणि ते खरंच आहे, पण बहुतेक माणसांना शेजारच्याची थोडी तरी धग लागते.

नार्सिसिस्ट आणि सायकोपॅथ एकच ना?

नाही. दोघांत सारखेपणा आहे, २००२ साली पॉलस आणि विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी नार्सिसिझम, सायकोपॅथी आणि कावेबाजपणा या तिघांना मिळून 'डार्क ट्रायड' असं नाव दिलं ते त्यामुळेच. पण आतली गरज वेगळी असते.

नार्सिसिस्टला तुम्ही लागता. तुमचं कौतुक लागतं, तुमची नजर लागते, तुम्ही त्याला खास मानणं लागतं, आणि ते मिळालं नाही की तो दुखावतो, चिडतो, सूड घेतो. त्याचं सगळं गणित स्वतःच्या प्रतिमेभोवती फिरतं. सगळेच नार्सिसिस्ट फुशारक्या मारणारे नसतात बरं का, काही अगदी हळवे, लाजाळू, सतत 'माझी कुणाला किंमत नाही' म्हणणारे असतात, पण तिथेही बोलणं फिरून फिरून त्यांच्यावरच येतं. त्यांच्याशी तुमच्या आजारी वडिलांबद्दल बोलायला लागा, तिसऱ्या वाक्याला त्यांच्या स्वतःच्या दुःखाची गोष्ट सुरू झालेली असते.

सायकोपॅथला तुमच्या मताचं फारसं पडलेलं नसतं. भीती कमी, अपराधी वाटणं जवळजवळ नाही, वरून गोडवा, आतून थंडपणा, आणि माणसांकडे वापरायची वस्तू म्हणून बघणं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ साली अशा पेशंट्सचं सविस्तर वर्णन केलं, आणि त्यांचं मुख्य निरीक्षण हेच होतं की वरवर बघता ही माणसं पूर्ण शहाणी, समजूतदार, छान वाटतात.

निदानाच्या बाबतीत सांगायचं तर नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर १९८० पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या मॅन्युअलमध्ये आहे, ९ निकषांपैकी ५ तरी जुळावे लागतात आणि एम्पथीचा अभाव हा त्यातला एक. म्हणजे गंमत बघा, एम्पथीचा निकष न जुळताही हे निदान होऊ शकतं. सायकोपॅथी मात्र त्यात वेगळा आजार म्हणून नाही, जवळचं निदान म्हणजे अँटीसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर, आणि ते जास्त करून वागणुकीवर ठरतं. सायकोपॅथी मोजायला कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची यादी वापरतात, प्रत्येक मुद्द्याला ० ते २ गुण, एकूण ४०, आणि उत्तर अमेरिकेत ३० किंवा जास्त गुण झाले की सायकोपॅथ धरतात. ती भरायला ट्रेनिंग घेतलेला माणूस, लांबलचक मुलाखत आणि जुनी कागदपत्रं लागतात, मोबाईलवरची दोन मिनिटांची क्विझ म्हणजे ती यादी नव्हे.

आणि सोशियोपॅथ?

डॉक्टरांच्या निदानाच्या यादीत हा शब्द नाही. जन्मतः नाही तर परिस्थितीने तसा झालेला, अशा अर्थाने लोक वापरतात, पण अशी स्वच्छ रेघ ओढता येत नाही.

त्यांना खरंच काहीच वाटत नाही का?

ह्या प्रश्नावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण बाकीची बरीचशी उत्तरं यावर अवलंबून आहेत.

नेदरलँड्समध्ये क्रिस्टियान केयसर्स, वलेरिया गॅझोला आणि हार्मा मेफर्ट यांच्या टीमने सायकोपॅथ ठरलेल्या १८ गुन्हेगारांना स्कॅनरमध्ये ठेवलं, तुलनेसाठी २६ साधी माणसं घेतली. त्यांना हातांचे छोटे छोटे व्हिडिओ दाखवले. एक हात दुसऱ्या हाताला प्रेमाने कुरवाळतोय, एक हात दुसऱ्याला इजा करतोय, एक हात जवळ येणाऱ्या हाताला झिडकारतोय. चेहरे नाहीत, आवाज नाही, फक्त हात. पहिल्यांदा काहीच न सांगता दाखवलं तेव्हा सायकोपॅथ लोकांच्या मेंदूत दुसऱ्याच्या वेदनेचा पडसाद साध्या माणसांपेक्षा स्पष्ट कमी होता, म्हणजे अपेक्षेप्रमाणेच. मग तेच व्हिडिओ पुन्हा दाखवले आणि सांगितलं की आता या हातांना काय वाटत असेल ते स्वतः अनुभवायचा प्रयत्न करा. आणि फरक खूपच कमी झाला. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं.

म्हणजे यंत्र अगदीच मोडलेलं नाहीये, ते आपोआप सुरू होत नाही. आपल्याला रस्त्यात पडलेलं मूल दिसलं की आपण ठरवत नाही की आता मला वाईट वाटून घ्यायचंय, ते होतंच. त्यांच्यात ते 'होतंच' नाहीये, मुद्दाम करावं लागतं, आणि मुद्दाम करायला काही कारण लागतं.

नार्सिसिझमबद्दलही साधारण असंच दिसलंय. ब्रिटनमध्ये एरिका हेपर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली नार्सिसिझमचे गुण जास्त असलेल्या लोकांना (पेशंट नव्हेत, साधीच माणसं) घरगुती हिंसेतून गेलेल्या बाईचा व्हिडिओ दाखवला. नुसता दाखवला तेव्हा थंड प्रतिसाद. पण 'तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा' असं सांगितल्यावर त्यांची सहानुभूती वाढली, आणि दुसऱ्या एका प्रयोगात तर तशी सूचना दिल्यावर हृदयाचे ठोकेसुद्धा वाढले, जे सहसा नाटक करून वाढवता येत नाहीत.

स्कॅनरमध्ये अर्धा तास जमलं म्हणजे संसारात रोज जमेल असं यातून सिद्ध होत नाही. पण 'तो बिचारा करूच शकत नाही' हे वाक्य तरी आता सरसकट वापरता येणार नाही.

मग ते समोरच्याचा कच्चा दुवा इतका अचूक कसा ओळखतात?

कारण पहिली एम्पथी, म्हणजे ओळखण्याची, बऱ्याच जणांत शाबूत असते. कुणाला एकटं वाटतंय, कुणाला आईवडिलांकडून कधी कौतुक मिळालं नाही, कोण 'नाही' म्हणायला घाबरतं, हे त्यांना कळतं, आणि कळल्यावर काळजात काहीच हलत नसल्यामुळे ती माहिती हवी तशी वापरायला मोकळी राहते.

एक खाच मात्र आहे. जेम्स ब्लेअर यांच्यासारख्या संशोधकांना असं दिसलंय की सायकोपॅथी जास्त असलेल्या लोकांना भीती आणि दुःखाचे चेहरे ओळखायला जड जातं, मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग त्या चेहऱ्यांना कमी प्रतिसाद देतो. ब्लेअर यांचं म्हणणं असं की समोरच्याचा घाबरलेला चेहरा हा बहुतेक माणसांसाठी ब्रेकसारखा काम करतो, लहान मूल दुसऱ्याला ढकलतं, तो रडतो, आणि पहिलं मूल आपोआप थबकतं. असं शेकडो वेळा घडून 'दुखवणं वाईट' हे अंगात मुरतं. ज्या मुलाला तो ब्रेकच लागत नाही त्याला 'दुखवू नकोस' हा नियम पाठ होतो, पण त्यामागचं दुखणं कधी कळत नाही.

तो रडतो, पाया पडून माफी मागतो. सगळं नाटकच असतं का?

नेहमी नाही. नार्सिसिस्टचं रडणं बऱ्याचदा अगदी खरं असतं, फक्त ते तुमच्यासाठी नसतं. तुम्ही सोडून जाल, लोकांत नाचक्की होईल, आपण वाईट माणूस ठरू, याचं ते दुःख असतं आणि ते खरोखर दुखतं. म्हणून तर समोरच्याला इतकं गोंधळायला होतं, अश्रू खरे दिसतात पण दोन आठवड्यांनी तेच पुन्हा.

मला एक खूण उपयोगी वाटते. माफी मागताना तो तुमच्याबरोबर काय झालं हे सांगू शकतो का ते बघा. 'मी चुकलो, मला माफ कर, मी किती वाईट आहे, मला जगायचंच नाही' यात तुम्ही कुठेच नाही आहात आणि शेवटी तुम्हीच त्याची समजूत काढत बसता. 'मी तुला सगळ्यांसमोर बोललो तेव्हा तू नंतर तासभर बाहेर आलीच नाहीस, तुला केवढं लागलं असेल' यात तुम्ही आहात. ही काही शास्त्रीय टेस्ट नाही, पण माझ्या ओळखीतल्या एकीला या एका फरकाने बरंच काही स्पष्ट दिसलं. आणि हो, कुणी 'जगायचं नाही' म्हटलं तर ते खरं की खोटं हे आपण ठरवत बसायचं नाही, हेल्पलाइनला किंवा डॉक्टरला कळवायचं, तो भार एकट्याने उचलायचा नाही.

हे जन्मतःच असतं की घरातून येतं?

दोन्ही, आणि दोन्हीचं प्रमाण सायकोपॅथी आणि नार्सिसिझममध्ये वेगळं. एसी विडिंग आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ब्रिटनमधल्या ७ वर्षांच्या हजारो जुळ्या मुलांचा अभ्यास केला, त्यात अतिशय भावनाशून्य, निगरगट्ट वागणाऱ्या मुलांच्या बाबतीत मुलामुलांमधला ६७ टक्के फरक आनुवंशिक निघाला. आकडा मोठा आहे, पण हे ऐकून आईबापांनी हात टेकू नयेत कारण अमेरिकेत दत्तक मुलांवर झालेल्या एका अभ्यासात (२०१६) उलटी बाजूही दिसली. जन्मदात्या आईच्या बाजूने तसं निगरगट्ट होण्याचा धोका आलेला होता, तरी ज्या दत्तक आईने मुलाचं मोकळेपणी कौतुक केलं, त्याला शाबासकी देत वाढवलं, तिच्या घरात तो धोका खूप कमी झाला.

नार्सिसिझमची गोष्ट वेगळी. नेदरलँड्समध्ये ७ ते ११ वयाच्या ५६५ मुलांवर एडी ब्रुमेलमन यांनी केलेल्या अभ्यासात (२०१५) असं दिसलं की 'तू इतरांपेक्षा खास आहेस, तुला जास्त मिळायलाच हवं' अशा नजरेने बघणाऱ्या आईबापांच्या मुलांत नार्सिसिझम वाढला, आणि नुसती माया करणाऱ्यांच्या मुलांत निरोगी आत्मविश्वास वाढला. म्हणजे लाड केल्याने बिघडतं असं नाही, दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरवल्याने बिघडतं. क्रूर, उपेक्षेचं बालपण आणि नार्सिसिझम यांचाही संबंध अनेक अभ्यासांत दिसतो, विशेषतः त्या हळव्या प्रकारात.

ब्रेन स्कॅन केला की कळेल ना?

नाही कळणार. कॅलिफोर्नियातले मेंदूशास्त्रज्ञ जेम्स फॅलन खुन्यांचे स्कॅन तपासत होते, त्यात घरच्या लोकांचे स्कॅनही दुसऱ्या कामासाठी आलेले होते, आणि एक स्कॅन अगदी सायकोपॅथसारखा दिसला तर तो निघाला त्यांचा स्वतःचा. ते प्राध्यापक होते, संसारी होते, कुणाचा खून वगैरे केलेला नव्हता. स्कॅनमधले फरक गटांची सरासरी काढल्यावर दिसतात, एका माणसाच्या कपाळावर शिक्का मारायला ते चालत नाहीत.

ऑटिझम असलेल्यांनाही एम्पथी नसते म्हणतात, मग तेही तसेच का?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज फार दुखावणारा आहे. ऑटिझममध्ये अडचण बऱ्याचदा ओळखण्याची असते, चेहरा, सूर, आडून बोललेलं पटकन कळत नाही, पण समोरच्याला दुखलंय हे एकदा समजलं की त्यांना वाईट वाटतं, काहींना तर सोसवणार नाही इतकं. सायकोपॅथीचं नेमकं उलटं आहे, कळतं पण भिडत नाही. शिवाय ऑटिझम नसलेल्यांनाही ऑटिझम असलेल्यांचं मन फारसं वाचता येत नाही, त्याला मात्र कुणी एम्पथीचा अभाव म्हणत नाही.

सगळे क्रूर लोक सायकोपॅथ असतात का?

नसतात. साध्या लोकसंख्येत सायकोपॅथचं प्रमाण साधारण १ टक्का धरतात, तुरुंगात ते बरंच जास्त असतं, पण तिथेही बहुसंख्य कैदी सायकोपॅथ नसतात. आणि गुन्हा न करता ऑफिसात, घरात लोकांचं आयुष्य नासवणारेही असतात.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी जो प्रयोग केला त्यात प्रयोग घेणाऱ्याच्या सांगण्यावरून ४० पैकी २६ साध्या माणसांनी, पलीकडच्या खोलीत शॉक बसणारा माणूस भिंतीवर आपटतोय, नंतर गप्प झालाय, तरी ४५० व्होल्टचं शेवटचं बटण दाबलं (शॉक खोटे होते, त्यांना ते माहीत नव्हतं). त्यांना घाम फुटला होता, काही थरथरत होते, म्हणजे एम्पथी शंभर टक्के होती. आणि तरी दाबलं. जगातल्या मोठमोठ्या कत्तली घडवायला सायकोपॅथ पुरले नसते, त्यासाठी घरी जाऊन आपल्या मुलांना कुशीत घेणारी माणसंच लागली.

एम्पथीच नसेल तर त्याला माणूस तरी का म्हणायचं?

हा प्रश्न बहुतेक वेळा खूप सोसलेल्या माणसाकडून येतो, त्यामुळे 'असं बोलू नये' असं मी म्हणणार नाही. पण माझं मत वेगळं आहे.

एम्पथी हीच माणूस असण्याची खूण मानली तर पहिली अडचण प्राण्यांची. २०११ साली शिकागोत एका प्रयोगात उंदरांनी नळीत अडकलेल्या सोबत्याला दार उघडून सोडवलं, शेजारी चॉकलेट ठेवलेलं असताना आधी सगळं स्वतः खाऊन टाकणं शक्य असूनही बऱ्याचदा सोबत्यासाठी काही उरवलं. १९६४ सालच्या एका प्रयोगात साखळी ओढली की खाऊ मिळायचा पण दुसऱ्या माकडाला शॉक बसायचा, तर एका माकडाने १२ दिवस साखळी ओढलीच नाही, उपाशी राहिलं. (हा प्रयोग करणाऱ्यांबद्दल काय म्हणावं हा वेगळाच प्रश्न.) म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने हलणं ही आपली एकट्याची मक्तेदारी नाही.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाचा आजार आहे, तो बऱ्याचदा साठीच्या आतच गाठतो आणि त्याच्या एका प्रकारात विसरभोळेपणाच्या आधी एम्पथी जाते. आयुष्यभर मायाळू असलेला बाप, बायको जिन्यावरून पडून विव्हळत असताना तिच्या अंगावरून पाय टाकून पुढे जातो आणि जेवायला कधी देणार विचारतो. तो माणूस उरला नाही असं त्याच्या मुलीला सांगायची हिंमत आहे का आपल्यात? माझ्यात नाही.

आणि तिसरी, आपली स्वतःची एम्पथी काय लायकीची आहे तेही बघावं. २०१० साली झुरिकमध्ये फुटबॉलच्या चाहत्यांवर प्रयोग झाला, आपल्या टीमच्या चाहत्याला शॉक बसताना मेंदूत वेदनेचा पडसाद जास्त आणि दुसऱ्या टीमच्या चाहत्याला बसताना कमी. फक्त टीम वेगळी म्हणून! एम्पथी ही जवळच्यांकडे, आपल्यासारख्यांकडे, चेहरा दिसतो त्यांच्याकडे झुकते, लांबच्या हजारोंसाठी ती उठतच नाही.

मग माणुसकी कशात? मला वाटतं, काही वाटत नसतानाही समोरच्याला माणूस म्हणून मोजण्यात. रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला नर्स थकून गेलेली असते, त्या बेशुद्ध पेशंटबद्दल तिला त्या क्षणी काडीचंही काही वाटत नसतं, तरी ती त्याची कूस बदलताना त्याचा हात अंगाखाली दबणार नाही हे बघते, चादरीची घडी पाठीखाली टोचणार नाही म्हणून ओढून सरळ करते. कुणी बघत नाही, त्यालाही कळत नाही. तिथे एम्पथीचा पत्ता नाही आणि माणुसकी पुरेपूर आहे.

आणि हे सायकोपॅथलाही शक्य आहे, तो हातांचा प्रयोग तेच सांगतो. म्हणूनच त्याला राक्षस म्हणायला माझा विरोध आहे, दयेपोटी नाही, तर राक्षस म्हटलं की त्याची जबाबदारीच संपते म्हणून. राक्षसाला कोण जाब विचारतं? माणूस म्हटलं की विचारता येतं, तुला आतून काही वाटलं नसेल, पण हे चूक आहे हे तुला माहीत होतं, थांबणं तुझ्या हातात होतं, मग का नाही थांबलास.

उलट टोकाची माणसंही असतात का?

असतात, आणि यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. अमेरिकेत अबिगेल मार्श यांनी पूर्ण अनोळखी माणसाला आपली एक किडनी देणाऱ्या १९ लोकांचा अभ्यास केला. २०१४ साली आलेल्या निष्कर्षांत त्यांचा उजवा अमिग्डाला सरासरीपेक्षा मोठा निघाला आणि घाबरलेल्या चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देणारा, म्हणजे सायकोपॅथीत दिसतं त्याच्या बरोबर उलटं. या दोन टोकांच्या मध्ये आपण सगळे कुठे ना कुठे आहोत.

थेरपीने बदल होतो का?

कॅनडात ओंटारिओच्या पेनेटँग्विशीनमधल्या कडक बंदोबस्ताच्या हॉस्पिटलात १९६० आणि ७० च्या दशकात गुन्हेगारांचे गट करून एकमेकांसमोर मन मोकळं करण्याची थेरपी चालायची. नंतर मागोवा घेतला (१९९२) तर बाकीच्यांचे हिंसक गुन्हे कमी झालेले, पण सायकोपॅथ मात्र थेरपी न घेतलेल्या सायकोपॅथपेक्षा जास्त हिंसक निघाले. भावनांची भाषा शिकले आणि ती वापरायला लागले, असं त्याचं एक स्पष्टीकरण. त्यानंतर बराच काळ सगळ्यांनी आशाच सोडली होती.

पण विस्कॉन्सिनमध्ये मेंडोटा नावाचं केंद्र १९९५ पासून सर्वात अवघड, हिंसक किशोरवयीन मुलांवर काम करतंय, तिथे शिक्षेवर भर देण्याऐवजी चांगल्या वागणुकीला लगेच, रोजच्या रोज छोटं बक्षीस मिळतं, आणि बाहेर पडल्यावर त्या मुलांचे हिंसक गुन्हे लक्षणीय कमी झाले. त्यांची मनं पाझरली की नाही हे बाजूला ठेवू, वागणूक बदलली आणि पुढची कितीतरी माणसं मार खाण्यापासून वाचली.

नार्सिसिझममध्ये बदल होतो पण हळू, वर्षं लागतात, आणि बरेचजण थेरपी मधेच सोडतात, कारण थेरपिस्टने आरसा दाखवला की तोही वाईट ठरतो. बहुतेक जण येतात तेच मुळी डिप्रेशन, घटस्फोट किंवा नोकरी गेल्यावर.

मी अजून प्रेम दिलं, अजून समजून घेतलं तर तो बदलेल?

तुमच्या प्रेमाने त्याच्यात एम्पथी जागी होईल या आशेवर आयुष्य लावू नका. बदलायचं कारण त्याचं स्वतःचं असावं लागतं आणि तुम्ही सगळं सोसत असाल तर त्याच्याकडे कारणच नाही.

व्यवहारात उपयोगी पडतं ते असं, की त्याला तुमचं दुःख समजावत बसण्यापेक्षा परिणाम सांगा. 'तू असं बोललास की मला किती लागतं' हे दहाव्यांदा सांगून काही होत नसेल तर 'तू ओरडायला लागलास की मी खोलीतून उठून जाणार' हे एकदा सांगा आणि दर वेळी उठून जा. पैशाचे, मुलांचे, कामाचे महत्त्वाचे निर्णय तोंडी ठेवू नका, मेसेजवर किंवा ईमेलवर आणा. तुमच्या बाजूचं एक तरी माणूस असू द्या ज्याला सगळं माहीत आहे, कारण अशा घरात सहा महिने राहिलं की आपलीच आठवण खोटी वाटायला लागते. मारहाण, धमकी, पाठलाग, यातलं काहीही असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षित व्हा, आणि सोडून जायचा बेत त्याला आधी सांगू नका, कारण निघण्याची वेळ हीच सगळ्यात धोक्याची असते.

मीच तर नार्सिसिस्ट नाही ना?

बऱ्याचदा हे विचारणारी व्यक्ती वर्षानुवर्षं 'तूच स्वार्थी आहेस' असं ऐकत आलेली असते. नुसता प्रश्न पडला म्हणून तुम्ही नार्सिसिस्ट नाही, असं काही ठामपणे म्हणता येत नाही, काही नार्सिसिस्ट लोक विचारलं तर सरळ हो म्हणतात आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नाही. पण दुसऱ्याला दुखावलं याची बोच लागून तुमची झोप जात असेल तर निदान ती बोच शाबूत आहे. फारच छळत असेल तर चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

माझा मुलगा लहान आहे पण प्राण्यांना त्रास देतो, कशाचंच वाईट वाटून घेत नाही. काय करू?

आधी तर त्याच्यासमोर किंवा त्याच्याबद्दल सायकोपॅथ हा शब्द वापरू नका, मुलांना डॉक्टरही तो लावत नाहीत, अँटीसोशल पर्सनॅलिटीचं निदानसुद्धा १८ वर्षांच्या आत करत नाहीत. पण 'मोठा झाला की सुधारेल' म्हणून थांबूही नका. बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि जे घडलं ते तारखेनिशी लिहून न्या. कधी कधी मागे दुसरंच काही निघतं, त्याच्यावर कुणी अत्याचार करत असेल, तो दुसरीकडे बघितलेलं करत असेल.

अशा मुलांवर मार आणि आरडाओरडा फारसा चालत नाही कारण त्यांना शिक्षेची भीतीच कमी असते, उलट ती अजून निबर होतात. बक्षीस चालतं, कौतुक चालतं, आणि जवळीक चालते. खेळताना त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, चेहरे ओळखायला शिकवा, 'बघ, त्याच्या भुवया कशा झाल्यात, त्याला काय झालं असेल?' दुसऱ्या मुलांना जे बघून आपोआप कळतं ते याला बोट ठेवून दाखवावं लागेल, रोज, न कंटाळता. घरात पाळीव प्राणी किंवा धाकटं भावंड असेल तर तोवर त्यांना त्याच्यासोबत एकटं सोडू नका.